चालू-बंदचं गणित

नागपूरच्या अजनी इलेक्ट्रिक लोको शेडमधून निघालेलं डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन डोक्यावरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची सिंगल फेज वीज घेतं. आतला ट्रान्सफॉर्मर ती खाली उतरवतो, एक कन्व्हर्टर तिची डीसी करतो, आणि सुमारे २,८०० व्होल्टच्या त्या डीसीवरून दुसरा कन्व्हर्टर, म्हणजे इन्व्हर्टर, मोटरींना हवी तशी थ्री फेज वीज घडवतो. सगळा कारभार स्विचांचा. सुरुवातीच्या इंजिनांत हे स्विच जीटीओ जातीचे होते, नंतर आयजीबीटी आले. सेकंदाला शेकडो वेळा चालू, शेकडो वेळा बंद, आणि त्या उघडझापीतून ४,५०० किलोवॅटची ओढ. नागपूरकर हे इंजिन रोज फाटकावर बघतो. त्याच्या पोटात काय चाललं आहे हे कळायला जे गणित लागतं, त्याची ओळख करून देण्यासाठी हे पुस्तक आहे.

त्या २,८०० व्होल्टच्या डीसीपाशीच थोडं थांबू. चालकाने मागितलेला जोर आणि गाडीचा वेग ठरला की मोटरींना लागणारी शक्ती ठरली. आता डीसीचा दाब क्षणभर खाली आला असं धरा. तिथे साधा हीटर असता तर दाब कमी म्हणून करंटही कमी घेतला असता, आणि प्रकरण आपोआप निवळलं असतं. इन्व्हर्टर तसं करत नाही. त्याच्या कंट्रोलरला शक्ती कायम राखायची आहे, म्हणून दाब पडला की तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की दाब आणखी पडतो. छोट्या बदलांपुरतं बघितलं तर हा भार म्हणजे उणे किमतीचा रोध, म्हणजे रेझिस्टन्स. ही किंमत काढणं सोपं आहे: दाबाचा वर्ग भागिले शक्ती. डब्ल्यूएजी-९ मध्ये प्रत्येक बोगीचा कन्व्हर्टर वेगळा, म्हणून एकाच्या वाट्याला २,२५० किलोवॅट येतात. २,८०० चा वर्ग ७८ लाख ४० हजार. त्याला २२ लाख ५० हजारांनी भागलं की साधारण साडेतीन. म्हणजे पूर्ण ओढीला त्या डीसी लिंकवर उणे साडेतीन ओहमचा रोध टांगलेला असतो.

दोलन शमवायचं काम रोधाचं. इंडक्टर आणि कपॅसिटर एकमेकांत ऊर्जा टोलवत राहतात आणि रोध प्रत्येक फेरीत थोडी थोडी खातो, म्हणून दोलन विझतं. रोध उणे असेल तर तो खाण्याऐवजी भर घालतो. मग दोलन विझवायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी येते: तारांच्या रोधावर, फिल्टरवर, कंट्रोलरवर. ही भानगड फक्त रेल्वे इंजिनाची नाही. १२ व्होल्टवर ६० वॉट घेणारा कोणताही पक्का रेग्युलेटर स्वतःच्या सप्लायला उणे २.४ ओहम वाटतो. लॅपटॉपचा चार्जर, एलईडीचा ड्रायव्हर, ई-रिक्षाचा कंट्रोलर, सगळे याच जातीचे. जितका कंट्रोल चोख, तितका हा उणेपणा पक्का. चांगलं डिझाइनच इथे अडचण उभी करतं, आणि या विषयात माझं मन रमलं ते याच विरोधाभासामुळे.

१९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथली आधुनिक कन्व्हर्टर-इंजिनं अचानक बंद पडू लागली. एकेकटं तपासलं तर प्रत्येक इंजिन निर्दोष होतं, आणि तारेतही काही बिघाड नव्हता. पण तारेचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, आणि इंजिनांच्या कंट्रोलरचं वागणं यांची गाठ अशी पडली की हार्मोनिक करंट वाढत गेले आणि संरक्षक यंत्रणेने इंजिनं बंद केली. पुढे स्वीडनच्या संशोधकांनी त्या इंजिनांचं गणिती मॉडेल मांडून हा प्रकार उलगडला. या पुस्तकाचं एकमेव म्हणणं तिथेच सापडतं: कन्व्हर्टर स्थिर आहे का, हा प्रश्न अर्धा आहे. कशाला जोडलेला असताना स्थिर आहे, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. स्थैर्य नगावर छापून येत नाही, ते जोडणीत ठरतं. आमच्या अभ्यासक्रमात कन्व्हर्टर एका आदर्श बॅटरीला आणि एका आदर्श रोधाला जोडलेला असतो. नागपुरात मला आदर्श बॅटरी अजून भेटलेली नाही.

स्थैर्याचं गणित विजेच्या आधीचं आहे. वाफेच्या इंजिनाचा वेग राखणारे गव्हर्नर कधी थरथरतात, याचं समीकरण मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. लियापुनॉव्हचा प्रबंध १८९२ चा. टेलिफोनचे ॲम्प्लिफायर शिट्टी का मारतात याचं उत्तर नायक्विस्टने १९३२ मध्ये दिलं, आणि आजही आपण त्याच्याच आलेखावर उणे एकचा बिंदू शोधतो. पण ही सगळी हत्यारं सलग वागणाऱ्या यंत्रांसाठी घडवलेली. स्विचिंग कन्व्हर्टर सलग वागतच नाही. स्विच चालू असताना ते एक सर्किट असतं, बंद झाल्यावर दुसरं. दोन्ही सर्किटं सरळसोट, बारावीच्या गणिताने सुटणारी. त्यांच्यात सेकंदाला लाखभर वेळा उड्या मारणारं जे तिसरं काही तयार होतं, ते सरळ राहत नाही.

यावरचा तोडगा कॅल्टेकमधल्या आर. डी. मिडलब्रुक आणि स्लोबोदान चुक यांनी १९७६ मध्ये व्यवस्थित मांडला. युक्ती अशी: स्विच चालू असतानाची समीकरणं आणि बंद असतानाची समीकरणं यांची वेळेच्या प्रमाणात सरासरी घ्या. स्विच ४० टक्के वेळ चालू असेल तर पहिल्याचे ४० टक्के, दुसऱ्याचे ६० टक्के. एका चक्रातली उडी विसरा, चक्रामागून चक्र काय सरकतं तेवढं बघा. मग छोट्या बदलांपुरतं समीकरण सरळ करा, आणि नायक्विस्टपासूनची सगळी जुनी हत्यारं पुन्हा हातात येतात. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सला कारागिरीतून शास्त्रात आणणारं पाऊल कोणतं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. ज्या गोष्टी त्याआधी प्रयोगशाळेत धूर निघाल्यावर कळायच्या, त्या कागदावर दिसू लागल्या.

त्यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट बूस्ट कन्व्हर्टरची. १२ व्होल्टचे २४ करायचे आहेत. स्विच निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. आउटपुट थोडं पडलं, म्हणून कंट्रोलर स्विच जरा जास्त वेळ चालू ठेवतो. पण बूस्टमध्ये स्विच चालू असताना आउटपुटला काहीच जात नाही; इंडक्टर तेवढा भरत असतो. म्हणून सुधारणा केल्याबरोबर आउटपुट आधी आणखी पडतं. इंडक्टरचा करंट काही चक्रांत वाढला की मग कुठे ते वर येतं. ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं, त्यातलाच हा प्रकार. घाई करणाऱ्याची ट्रॉली हमखास आडवी होते. समीकरणात हे उजव्या अर्ध-प्रतलातलं शून्य म्हणून येतं. १०० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आणि २४ ओहमचा भार धरला तर ते साधारण ९.५ किलोहर्ट्झवर बसतं. बॅटरी उतरली, तारांतही थोडा दाब गेला, आणि इनपुट ९ व्होल्टवर आलं की तेच शून्य ५.४ किलोहर्ट्झवर सरकतं. कंट्रोलरचा वेग या शून्याच्या बराच खाली ठेवावा लागतो. म्हणजे भरल्या बॅटरीवर झकास चालणारा कंट्रोलर बॅटरी उतरल्यावर डोलू लागू शकतो, आणि बॅटरी उतरल्यावरच तर त्याची खरी गरज असते. मजबूत स्विच, जलद प्रोसेसर, महागडी चिप, यातलं काहीही हे शून्य हलवू शकत नाही. इंडक्टर बदला, भार बदला किंवा सबुरी ठेवा.

सरासरी घेताना आपण काहीतरी विसरलो होतो, हे मात्र विसरून चालत नाही. आमचे विद्यार्थी संगणकावर सरासरीचं मॉडेल चालवतात, ६० अंशांची फेज मार्जिन बघतात आणि निर्धास्त होतात. मग बोर्ड चीं-चीं करू लागतो. पीक करंट कंट्रोलचं उदाहरण घेऊ. यात इंडक्टरचा करंट ठरलेल्या उंचीला पोचला की स्विच बंद, आणि घड्याळाच्या पुढच्या ठोक्याला पुन्हा चालू. एखाद्या चक्राच्या सुरुवातीला करंटमध्ये १० मिलीअँपियरची चूक शिरली असं समजा. स्विच ४० टक्के वेळ चालू असेल तर पुढच्या चक्रात ती चूक उलट दिशेने ६.७ उरते, मग ४.४, मग ३, विझत जाते. तोच स्विच ६० टक्के वेळ चालू असेल तर १० ची उणे १५ होते, मग साडेबावीस, मग उणे ३३.८, मग ५०.६. एक चक्र लांब, एक आखूड, असा लंगडा ताल सुरू होतो. गुणक निघतो चालू वेळेला बंद वेळेने भागून, उणे चिन्हासह. ५० टक्क्यांवर तो बरोबर उणे एक. सरासरीच्या मॉडेलला यातलं काहीच दिसत नाही, कारण दोन चक्रांची सरासरी घेतली की लांब-आखूड मिटून जातं. उपाय जुना आहे: करंटच्या मोजमापात एक कृत्रिम चढण मिसळायची, निदान उतरत्या उताराच्या निम्मी. १९९० च्या सुमारास रेमंड रिडली यांनी चक्रागणिक नमुने घेणारं गणित आणि सरासरीचं गणित यांची सांगड घातली, तेव्हा हा लंगडेपणा सर्किट डिझायनरच्या नेहमीच्या आलेखात दिसायला लागला. पाचवं प्रकरण सगळं याच्यावर आहे, आणि ते वाचताना कॅल्क्युलेटर जवळ असावा.

सरासरी आणखी दोन ठिकाणी हात टेकते. एक म्हणजे रेझोनंट कन्व्हर्टर. तिथे इंडक्टर-कपॅसिटरचा करंट एका चक्रातच वर जाऊन खाली येतो, त्याची सरासरी शून्य. शून्यावरून काय कळणार? तिथे साइन लाटेची उंची धरून मॉडेल बांधावं लागतं. हा विषय नागपूरला परका नाही. १९६० मध्ये सुरू झालेल्या आणि आता व्हीएनआयटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या संस्थेत हिरालाल सूर्यवंशी यांनी रेझोनंट कन्व्हर्टरवर बरंच काम केलं आहे. दुसरं ठिकाण म्हणजे पुन्हा ते अजनीचं इंजिन. चार्जरमधला स्विच सेकंदाला लाख वेळा हलतो, इंजिनातला काहीशे वेळा. समोर ५० हर्ट्झची लाट. सिंगल फेज विजेतून येणारी शक्ती एकसारखी येत नाही. ती १०० हर्ट्झने धडधडते, म्हणून डीसी लिंकवर १०० हर्ट्झला जुळवलेलं वेगळं फिल्टर बसवावं लागतं. अशा ठिकाणी "जलद" आणि "संथ" यांच्यात पुरेसं अंतरच उरत नाही, आणि एका वारंवारितेचा धक्का दुसऱ्या वारंवारितेवर उमटतो. झुरिकचं कोडं सोडवायला हार्मोनिकांचा हा आपसातला व्यवहार धरणारं मॉडेल लागलं, ते म्हणूनच.

आता उन्हाळ्याबद्दल. परदेशी पुस्तकांत तापमान हा शेवटच्या पानावरचा विषय असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या शेडखालचा बंद डबा त्याहून कितीतरी तापतो. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २,००० तास लिहिलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास काढेल, ७५ वर १६,०००. अखंड चालणाऱ्या यंत्रात १६,००० तास म्हणजे दोन वर्षंही नाहीत. आणि तो एका दिवसात मरत नाही. आतलं द्रव सुकत जातं, क्षमता घटते, आतला रोध, ज्याला दुकानात ईएसआर म्हणतात, वाढत जातो. कंट्रोल लूपच्या दृष्टीने हा सगळा काळ सर्किट हळूहळू बदलत असतं. लूपचा वेग डिझायनरने ठरवला होता त्यापेक्षा वर सरकतो, स्विचिंगचा खरखराट आत शिरतो, मार्जिन खाल्ली जाते.

याची उलटी बाजू दुरुस्तीच्या दुकानात दिसते आणि ती जास्त मजेची आहे. फुगलेला कपॅसिटर काढून कारागीर त्याच क्षमतेचा, पण अधिक चांगला, अगदी कमी ईएसआरचा कपॅसिटर बसवतो. सप्लाय चालू होतो आणि गायला लागतो. "भाऊ, माल तर एक नंबर टाकला, मग हा वाजते कायले?" या प्रश्नाचं उत्तर समीकरणात आहे. ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा ईएसआर ०.१ ओहम असेल तर तो लूपला साधारण ३.४ किलोहर्ट्झपासून वर फेजची मदत करतो. ईएसआर ०.०१ ओहम केला की ती मदत ३४ किलोहर्ट्झवर जाते. मूळ डिझायनरने जुन्या कपॅसिटरच्या दोषावर भरवसा ठेवून हिशेब केला होता. दोष गेला, हिशेब कोसळला. सीताबर्डीच्या गल्लीत बसणाऱ्या अनुभवी माणसाला हे हाताने माहीत असतं, तो मूळच्यासारखाच कपॅसिटर शोधतो. त्याला कारण सांगावं आणि पदवीधराला त्याचा अनुभव कळावा, असा दुहेरी लोभ हे पुस्तक लिहिताना होता. म्हणून पारिभाषिक शब्द वर्गात आणि दुकानात चालतात तेच ठेवले आहेत.

उत्तरार्धात आपण भिंतीतल्या सॉकेटच्या पलीकडे जातो. विदर्भातल्या लांबलचक ग्रामीण फीडरच्या टोकाला आता सौर इन्व्हर्टर बसत आहेत. असा इन्व्हर्टर लाइनच्या दाबाची लाट मोजतो, तिच्याशी ताल जुळवतो आणि त्या तालात करंट आत ढकलतो. लाइन भक्कम असेल तर ठीक. लाइन लांब आणि बारीक असेल तर त्याने ढकललेल्या करंटने मोजायची लाटच हलते. तो स्वतःच्याच सावलीला सलाम करू लागतो. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्येच इनपुट फिल्टरच्या संदर्भात सांगून ठेवलं होतं की सप्लायचा इंपीडन्स भाराच्या इंपीडन्सपेक्षा बराच कमी ठेवा. टेबलावरच्या सप्लायसाठी सांगितलेला तो नियम आज दहा किलोमीटरच्या फीडरला लागू पडतो, फक्त एसीसाठी त्याचा वेश बदलतो.

तालाच्या मागे न जाता इन्व्हर्टरांनी स्वतःच ताल धरावा, ही कल्पना हल्ली सगळीकडे बोलली जाते. तिच्या मुळाशी असलेला एक महत्त्वाचा लेख १९९३ चा आहे: मुकुल चांदोरकर, दीपक दिवान आणि रामबाबू अडपा यांचा. चांदोरकर तेव्हा अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधन करत होते, पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. अनेक इन्व्हर्टर एकत्र जोडायचे, पण त्यांच्यात संदेशाची तार ओढायची नाही. मग कोण किती भार उचलणार? त्यांनी जुन्या वीजकेंद्रांची रीत उचलली. प्रत्येक इन्व्हर्टरने आपला भार वाढला की वारंवारिता किंचित खाली आणायची. वारंवारिता सगळ्यांना सारखीच जाणवते, म्हणून भार आपोआप वाटला जातो. या उताराचा कोन किती ठेवायचा हा पुन्हा स्थैर्याचाच प्रश्न. सपाट ठेवला तर वाटणी सुस्त, तीव्र ठेवला तर इन्व्हर्टर एकमेकांवर भार ढकलत डोलू लागतात. हा लेख मी आठव्या प्रकरणात पायरीपायरीने सोडवून दाखवला आहे, कारण मराठी वाचकाने तो मुळातून वाचायला धजावं अशी इच्छा आहे.

काही गोष्टी जाणूनबुजून सोडल्या. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॅटची डीसी वाहिनी आपल्या दारातली आहे, पण तिथले थायरिस्टर हुकमावर बंद करता येत नाहीत, त्यांचं गणित वेगळ्या घराण्याचं आहे. केऑसवर एकच परिशिष्ट आहे. कन्व्हर्टर खरोखर केऑटिक होऊ शकतो, सौमित्र बॅनर्जी आणि इतरांनी त्यावर उत्तम लिहिलं आहे, पण पहिल्या वाचनात त्या वाटेला गेलं की माणूस परत येत नाही. ज्यांना मॅट्रिक्सचा कंटाळा आहे त्यांनी तिसरं प्रकरण वगळून चौथ्यावर उडी मारली तरी चालेल. तिथे तेच उत्तर सर्किट काढून मिळवलं आहे. डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांनी दुसरं, पाचवं आणि दहावं एवढं वाचलं तरी हातातलं काम सुधारेल.

दहावं प्रकरण मोजमापाचं. लूप न तोडता त्यात छोटा सिग्नल घालून लूप गेन मोजायची पद्धत तिथे दिली आहे. त्यासाठी महागडं उपकरण नसेल तर सिग्नल जनरेटर, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप आणि घरी गुंडाळलेला छोटा ट्रान्सफॉर्मर यांवर भागतं. थोडा वेळ जास्त जातो इतकंच. मोजणी एकाच सप्लायवर दोनदा करायची, डिसेंबरात सकाळी आणि मे महिन्यात दुपारी, डब्याचं झाकण लावून. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढता यावेत म्हणून शेवटी कोरे सेमी-लॉग कागद बांधले आहेत.